ओंब्यांचा मुकुट

कॅप्टन रिफअत जिन्याच्या पाचव्या पायरीवर थांबला, दोन पायऱ्या खाली उतरला आणि भिंतीवरच्या तसबिरींकडे पुन्हा बघू लागला.

त्याच्या मागून चढणारी इंजी कठडा धरून उभी राहिली. सकाळपासून या माणसाने कपाटं उघडली होती, गालिचे उलटे करून पाहिले होते, सासूबाईंच्या गाद्यांमध्ये शिपायांना लांब सुया खुपसायला लावल्या होत्या. पण असा तो कुठेच थांबला नव्हता.

तसबिरी तीन होत्या. पहिलीत हिरव्या रेशमी पोशाखातली एक गोरी, लठ्ठ बाई होती, घराण्याच्या थोरल्या पाशांची बायको. दुसरीत पंधरा वर्षांची एक मुलगी, ओठ घट्ट मिटलेली. ती म्हणजे इंजीच्या सासूबाई, दुर्रिये हानिम, म्हणजे दुर्रिये बाईसाहेब. तिसरी तसबीर रंगवलेली नव्हती. तो इंजीच्याच लग्नातला फोटो होता, दहा वर्षांपूर्वीचा. तिन्ही नववधूंच्या डोक्यावर एकच मुकुट होता. दोन बोटं उंचीची हिऱ्यांची पट्टी, दोन्हीकडून मधोमध झुकलेल्या गव्हाच्या ओंब्या, आणि त्या जिथे भेटत तिथे बोराएवढा एक पाणीदार खडा.

इंजीने घरभर हिंडून मुकुटाची प्रत्येक खूण लपवली होती. भिंतीकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं. रोज जिन्यावरून जाता-येता कोण तसबिरी बघतं?

“ह्या कोण?” कॅप्टनने विचारलं.

“आमच्या घरातल्या बायका.”

“बायका आहेत ते दिसतंय. डोक्यावर काय आहे?”

ती काही बोलायच्या आत तो खाली वळला. “ख्वाजा आगोप, जरा वर या. तुमच्या कामाचं आहे.”

आगोप जिन्याच्या पायथ्याशी दागिन्यांची पारख करायची पेटी घेऊन उभा होता. म्हातारा आर्मेनियन सोनार. राजा गेल्यावर बड्या घराण्यांची मालमत्ता जप्त करायला नेमलेल्या समितीने त्याला घरोघर न्यायला सुरुवात केल्यापासून तो आणखी वाकला होता. इंजीच्या लग्नाआधी ह्याच मुकुटाचे सैल झालेले खडे त्याने बसवून दिले होते, आणि त्या कामासाठी आठ दिवस तो याच घरात जेवायला होता. सकाळपासून त्याने तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. आता तो दोन पायऱ्या चढला, चष्मा काढून कोटाच्या टोकाने पुसू लागला.

“चित्रकारांचं काय साहेब, रंग त्यांच्या हातात. घरधनी सांगतील ते काढतात. माझ्या वडिलांच्या चित्रात त्यांना डोकंभर केस आहेत.”

खालचा शिपाई हसला. कॅप्टन हसला नाही.

“आणि कॅमेरा? त्यालाही घरधनी सांगतात?”

आगोपने चष्मा पुन्हा नाकावर चढवला आणि तो फोटोकडे बघत राहिला, जणू तो त्याने आजच पाहिला होता.

“विकला,” इंजी म्हणाली. आपला आवाज तिला बारीक, लांबून आल्यासारखा वाटला. “युद्धाच्या वेळी. बेरूतला.”

“कोणाला?”

“मला माहीत नाही. माझ्या यजमानांनी विकला.”

“तुमचे यजमान आमच्याकडेच आहेत,” कॅप्टन शांतपणे म्हणाला. “त्यांना विचारायला कितीसा वेळ लागतो?”

तिच्या नवऱ्याला, तहसीनला, नेऊन तेवीस दिवस झाले होते. तेवीस दिवसांत एक चिठ्ठी आली होती, चार ओळींची, आणि त्यातली एक ओळ ‘जे आहे ते सगळं लिहून दे’ अशी होती. गुरुवारी इंजीने कागदावर सगळं लिहून दिलं होतं आणि खाली सही केली होती. सगळं, एक सोडून. तो एक दुर्रिये हानिमने लिहू दिला नव्हता. ‘तो गेला तर हे घर गेलं,’ त्या म्हणाल्या होत्या. ‘कुठे ठेवतेस ते मात्र मला सांगू नकोस. म्हणजे मला खोटं बोलावं लागणार नाही.’

“खाली बसा, बाई,” कॅप्टन म्हणाला. “आम्ही आता पहिल्यापासून बघतो.”

*

दिवाणखान्यात दुर्रिये हानिम खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. शहात्तर वर्षांचं वय, काळा पोशाख, हातात बंद पंखा. नोव्हेंबरात पंखा कशाला, असं त्यांना कोणी विचारत नसे.

“तो मुकुट कालवा खुला झाला त्या साली थोरल्या पाशांनी पॅरिसहून मागवला होता,” त्या कॅप्टनला म्हणाल्या. “तुम्हाला इतिहास हवा असेल तर बसा. सांगते.”

“पाशा आता कोणी नाही, आजी. ते कायद्याने बंद झालं.”

“ते मेले तेव्हा तुमचा कायदा नव्हता. ते पाशाच राहणार.”

कॅप्टनने मान हलवली, रागावला नाही, आणि शिपायांना स्वयंपाकघराकडे पाठवलं. पिठाच्या डब्यांत हात घालायचे आवाज आले. तांब्याची भांडी फरशीवर आदळली. इंजी सासूबाईंच्या शेजारी बसली आणि तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

तो तिथे सापडणार नाही हे तिला माहीत होतं. शेजारच्या चार घरांची झडती तिने गच्चीतून पाहिली होती. शिपाई हौद उपसत, झाडांची मुळं उकरत, पण गच्चीवरच्या नोकरांच्या खोल्यांकडे कोणी फिरकलं नव्हतं. नोकरांकडे काय असणार? म्हणून काल दुपारी नबविया बाजारात गेल्यावर ती गच्चीवर गेली होती. नबवियाची लाकडी पेटी खाटेखाली होती, कुलूप नसलेली, सुंभाने बांधलेली. तिने गाठ सोडली, फडक्यात गुंडाळलेला मुकुट कपड्यांच्या तळाशी सरकवला आणि गाठ होती तशी पुन्हा बांधली. निदान तिला तरी तशीच वाटली.

नबवियाला सांगायचं तिच्या मनात आलं होतं. पण माहीत नसलेलं माणूस घाबरत नाही, असं तिने स्वतःला समजावलं. बाकीचे नोकर पगार थांबल्यावर एकेक करून गेले होते. स्वयंपाकी गेला, माळी गेला, गाडीवान तर निरोपही न घेता गेला. एकटी नबविया राहिली होती. बेनी सुएफकडच्या खेड्यातून सव्वीस वर्षांपूर्वी आलेली. तहसीनचे शाळेचे डबे तिने भरले होते.

आणि आता तीच दारात उभी होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर लाकडी फळी, फळीवर कणकेचे तीस-एक गोळे ओल्या फडक्याखाली.

“भट्टीवर जाऊन येते, हानिम. पीठ फुगलंय. आता नाही नेलं तर आंबेल.”

“आज भाकरी नसली तरी चालेल,” इंजी घाईने म्हणाली.

“ह्या लोकांनी सगळी भांडी पालथी घातलीत. दुसरं काय आहे खायला?” आणि मग कॅप्टनकडे वळून, “साहेब, तुमच्या पोरांनी पिठात हात घातले ते धुतलेले तरी होते का?”

दारातल्या शिपायाने फडकं उचललं, दोन-तीन गोळ्यांत बोट खुपसलं, तिचे खिसे चाचपले. नबवियाने मान जराही हलवली नाही. ती तशीच ताठ उभी राहिली.

“जाऊ दे तिला,” कॅप्टन म्हणाला.

तिची पावलं मागच्या अंगणातून फाटकापर्यंत ऐकू आली. बरं झालं, इंजीला वाटलं. निदान ती इथे नाही. आणि पाठोपाठ तिला वाटलं, बरं कसलं? तिच्या पाठीमागेच तर होणार सगळं.

अर्ध्या तासाने एक शिपाई कोपरापर्यंत पांढरा होऊन आला. “खाली काही नाही, साहेब. गच्चीवर तीन खोल्या आहेत. दोन रिकाम्या आहेत.”

“आणि तिसरी?”

“त्या भाकरीवालीची.”

“मग काय बघतोस? तिचं जे असेल ते इथे खाली आण.”

इंजीचं मनगट पकडलं गेलं. दुर्रिये हानिमची बोटं म्हणजे हाडंच होती.

“कुठे ठेवलास?” त्यांनी शिपायांना कळू नये म्हणून तुर्कीत विचारलं. नजर खिडकीबाहेर, ओठ जेमतेम हललेले.

“मला सांगू नकोस म्हणाला होतात.”

“आता सांग.”

“नबवियाच्या पेटीत.”

“तिला ठाऊक आहे?”

इंजीने मान हलवली. नाही.

म्हातारीने पंखा मांडीवर ठेवला. वर गच्चीवर काहीतरी ओढल्याचा आवाज झाला.

“अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या त्या साली हा मुकुट कसा वाचला, ते तुला सांगितलं होतं मी. आठवतं?”

“पिठाच्या कोठीत ठेवला होता. शिपायांना दिसला नाही.”

“मलाही तसंच सांगितलं होतं. वीस वर्षं मीही तेच सांगत होते. माझ्या सासूबाई मरायला टेकल्या तेव्हा त्यांनी खरं सांगितलं. कोठी नव्हती. एक हबशी मुलगी होती घरात, विकत घेतलेली. सुंबुल नाव. तेरा-चौदा वर्षांची असेल. तिच्या अंथरुणात ठेवला होता. शिपायांना सापडला. सासूबाई समोरच उभ्या होत्या. त्यांना विचारलं, तुमचा का? त्या म्हणाल्या, माझा. इतकंच म्हणाल्या. अंथरुणात कोणी ठेवला ते नाही म्हणाल्या.”

“मग?”

“मग मुकुट परत मिळाला. मुलीला घेऊन गेले.”

“पुढे काय झालं तिचं?”

“पुढे माझं लग्न झालं,” दुर्रिये हानिम म्हणाल्या. “आणि तो माझ्या डोक्यावर घातला.”

*

दोन शिपायांनी पेटी आणून गालिच्याच्या मधोमध ठेवली. खेड्यात लग्नात देतात तसली, हिरवा रंग उडालेली, झाकणावर एक पांढरा पक्षी काढलेला. सुंभाची गाठ वर होती. इंजीची नजर त्या गाठीवर खिळली. तिने बांधलेली गाठ अशी नव्हती असं तिला वाटलं. मग वाटलं, भीतीने आपल्याला काहीच धड आठवत नाहीये.

“हिच्यात हिरे निघाले तर मी भाकरीवालीशी लग्न करीन,” एक शिपाई म्हणाला.

“तिने तुला करून घ्यायला पाहिजे,” दुसरा म्हणाला.

कॅप्टन एका गुडघ्यावर बसला. आगोप भिंतीजवळ उभा होता, डोळे मिटून. कॅप्टनने सुंभाचं एक टोक हातात घेतलं.

फक्त गप्प बसायचं होतं. इंजीला ते स्वच्छ दिसत होतं. मुकुट निघेल, सगळे चकित होतील, ती स्वतःही होईल. कोणी तिला काही विचारणारही नाही. सगळे भट्टीकडे धावतील. गुरुवारच्या कागदावर बोट ठेवायला कोणाला जागा उरणार नाही. शेजारी दुर्रिये हानिम खिडकीबाहेर बघत होत्या. मनगटही त्यांनी सोडून दिलं होतं.

“तो मी ठेवलाय,” इंजी म्हणाली.

कॅप्टनने वर पाहिलं.

“पेटीत. मुकुट. मी ठेवलाय, काल. तिला माहीत नाही. तिला काहीच माहीत नाही.” ती उभी राहिली होती, कधी ते तिला कळलं नाही. “मी खोटं बोलले. विकलेला नाही.”

कॅप्टन तिच्याकडे बघत राहिला, मग त्याने गाठ सोडली.

वर लोकरी शाल होती. खाली दोन काळे झगे, इस्त्री केल्यासारखे चापून घडी घातलेले. आतल्या कपड्यांची पुरचुंडी. नमाजाची चटई. कागदात बांधलेली बडीशेप. तहसीनचा लहानपणचा फोटो. रबरी चपला, कागदात गुंडाळून. शिपायाने एकेक बाहेर काढलं, शेवटी पेटी उलटी करून तळावर थाप मारली.

मुकुट नव्हता.

“बाई,” कॅप्टन हळू आवाजात म्हणाला, “तुम्ही माझी थट्टा करताय का?”

“होता. देवाशपथ, होता. तळाशी होता.”

“मग गेला कुठे?”

आणि तो प्रश्न विचारता विचारताच त्याचं त्याला उत्तर सापडल्यासारखा तो ताडकन उठला. “भट्टी कुठे आहे? तिला जाऊन किती वेळ झाला?”

“ती चोर नाही,” इंजी ओरडली. स्वतःच्या ओरडण्याने ती दचकली. “ती चोर नाही, साहेब. तो तिला मी दिला असंच समजा. माझा आहे, मी कुठेही ठेवीन.”

“फाटकावर दोघं जा,” कॅप्टन शिपायांना म्हणाला. पण त्यांना जावं लागलं नाही. मागच्या अंगणातून भाजलेल्या भाकरीचा वास आला आणि पाठोपाठ नबविया. फळीवर भाकऱ्यांची चळत, वाफ अजून निघत होती.

ती उंबऱ्यावर थांबली. गालिच्यावर पसरलेले आपले कपडे तिने पाहिले. पालथी पेटी पाहिली. चपला कोणीतरी शालीवर टाकल्या होत्या, त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग इंजीकडे.

“मी सांगितलं त्यांना,” इंजी म्हणाली. “पेटी उघडायच्या आधी सांगितलं. मी ठेवला होता म्हणून.”

नबवियाने फळी उतरवून टेबलावर ठेवली. दोन्ही हातांनी डोक्यावरची चुंबळ उचलली, खाली बसली आणि चिंध्या उलगडू लागली. एक पदर निळा, एक पांढरा, एक तहसीनच्या जुन्या सदऱ्याचा. आत ओंब्या दिसू लागल्या. तिच्या केसांच्या कडेने रक्ताचा बारीक ओघळ वाळला होता.

ती उठली आणि तिने मुकुट कॅप्टनच्या हातात दिला, भाकरी द्यावी तसा.

“पहाटे नमाजाला चटई काढली तेव्हा हाताला लागला,” ती म्हणाली. “तुमच्या माणसांना पेटीत सापडला असता तर मला नेलं असतं. मी कुठे ठेवणार होते दुसरं?”

“भट्टीवाल्याकडे का नाही ठेवलास? पळून का नाही गेलीस?” कॅप्टनने विचारलं.

“कशाला? माझा आहे का तो?”

आगोपने काच डोळ्याला लावून मुकुट फिरवून पाहिला. “तोच आहे,” तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

कॅप्टनने खिडकीजवळ उभ्यानेच कागदावर लिहिलं. लिहिताना तो एकदा थांबला, इंजीकडे पाहून पुन्हा लिहू लागला. मग त्याने कागद तिच्यापुढे धरला. त्यावर ‘स्वतःहून हजर केला’ असं होतं. तिने सही केली. अक्षर तिचं वाटत नव्हतं.

“गुरुवारच्या कागदाबद्दल मात्र उत्तर द्यावं लागेल,” तो म्हणाला. “शनिवारी सकाळी दहा वाजता कचेरीत या. बरोबर दोन जोड कपडे असू द्या.”

“कपडे कशाला?”

त्याने टोपी घातली. “असू द्या.”

दारातून बाहेर पडताना आगोप मागे राहिला. दुर्रिये हानिमपुढे येऊन तो काही बोलणार होता. त्यांनी पंख्यानेच त्याला जायची खूण केली, आणि तो गेला. मोटारीचा आवाज रस्त्यावर विरेपर्यंत तिघी तशाच होत्या. मग दुर्रिये हानिम काठी शोधून उठल्या. इंजीपाशी आल्यावर थांबल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला, काढला, आणि आपल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

इंजी गालिच्यावर बसली आणि झगे घडी करू लागली. घडी जमेना. नबविया तिच्या समोर बसली, तिच्या हातून झगा घेतला आणि दोन झटक्यांत चापून ठेवला.

“मला सांगायचं होतंत,” ती म्हणाली.

“हो.”

“सव्वीस वर्षं आहे मी इथे. शेवटी माझी पेटीच सापडली तुम्हाला.”

बाहेर कोणीतरी गाढवाला हाकत होतं.

“मला वाटलं होतं, तुम्ही गप्प बसाल,” नबविया म्हणाली. तिने चपला कागदात गुंडाळल्या. “तसंच धरून चालले होते. भट्टीवर उभी होते तेव्हा मनाशी म्हटलं, परत जायचं, मुकुट हातात द्यायचा, आणि आजच्या दुपारच्या गाडीने भावाकडे निघायचं. पहाटेच भरून ठेवली होती सगळी पेटी.”

म्हणून घड्या इतक्या नीट होत्या. इंजीने मान खाली घातली.

“दुपारची गाडी अजून मिळेल,” ती म्हणाली.

नबवियाने शाल सर्वांत वर ठेवली, झाकण लावलं आणि सुंभ आवळून गाठ मारली. मग टेबलापाशी जाऊन एक भाकरी मोडली. अर्धी इंजीपुढे धरली.

“शनिवारी दहा वाजता म्हणाला ना तो?”

“हो.”

“मग नऊला निघू. कचेरी स्टेशनच्या वाटेवरच आहे,” नबविया म्हणाली. “तिथपर्यंत मी आहे.”